कमाटीबागेतील ममी आणि बर्लिनचे हातमोजे

बर्लिनमध्ये स्वतंत्र क्युरेटर म्हणून काम करू लागल्यापासून बडोद्याच्या नातलगांना माझा व्यवसाय समजावून सांगणे हेच एक वेगळे काम होऊन बसले आहे. "तू चित्रे काढत नाहीस, विकतही नाहीस, मग करतेस तरी काय?" असे दांडिया बाजारातल्या मावशीने विचारले, तेव्हा मी मानववंशशास्त्राच्या आडोशाला जाऊन काहीतरी पुटपुटले. खरे म्हणजे मी बहुतेक वेळ जुने कागद वाचते आणि एखादी वस्तू कोणी, कोणाकडून, कोणत्या प्रसंगी घेतली याचा माग काढते.

येथील एका संग्रहालयाच्या भांडारात प्रथम गेले, तेव्हा मला हातमोजे आणि मास्क देण्यात आले. वस्तूंना माझा हात बाधू नये म्हणून ही काळजी, असा माझा समज होता. प्रत्यक्षात कसर लागू नये म्हणून पूर्वी अशा वस्तूंवर आर्सेनिक, पारा आणि पुढे डीडीटी वापरले जात असे, आणि ते विष पिसांत व कातड्यांत अजून टिकून असल्यामुळे जपले जात होते ते मलाच. ज्यांच्या पूर्वजांचे हे पिसांचे मुकुट, त्यांना ते परत मिळाले तरी डोक्यावर चढवता येतीलच असे नाही.

१८९७ साली ब्रिटिश फौजेने लुटलेल्या, आजच्या नायजेरियातील बेनिन या जुन्या राज्याच्या ब्राँझ कलाकृतींची मालकी जर्मनीने २०२२ साली नायजेरियाला देण्याचे मान्य केले, तरी त्यांतल्या काही उसनवारीने येथेच राहिल्या. अशा चर्चांत मला, भारतीय म्हणून, न विचारताच फिर्यादीच्या बाजूला बसवतात. मला मात्र सयाजीराव महाराजांचे कमाटीबागेतील संग्रहालय आठवते. तेथे आजोबांचे बोट धरून मी इजिप्तची ममी पाहिली, आणि ती बडोद्यात कशी आली हे आम्ही कोणीही विचारले नाही.

सध्या गुजरातेतील छोटा उदेपूरच्या राठवा आदिवासींच्या पिठोऱ्यावर, म्हणजे त्यांच्या भिंतीवरच्या विधिचित्रांवर, प्रदर्शन ठरते आहे. नवस फेडताना घराच्या सारवलेल्या, पांढऱ्या मातीने लिंपलेल्या भिंतीवर लखारा, म्हणजे चितारी, घोडे 'लिहितो', बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, विधी चालवतो, आणि मग ती भिंत नुसते चित्र राहत नाही. तेथे देव आलेला असतो. आयोजकांना तो कॅनव्हासवर हवा आहे. कॅनव्हासवरचे पिठोरे विकले जातात व त्यावर कलाकारांची घरेही चालतात, म्हणून मी नाक मुरडले नाही. शेजारच्या पाटीचा मजकूर मात्र लखाऱ्याने सांगावा, एवढेच सुचवले. पाटीवर साठ शब्दांहून अधिक मावणार नाहीत, असे उत्तर काल आले.