नुसता अंगठा

बर्लिनला शिकायला गेलेल्या माझ्या भावाने, आदूने, माझ्या मेसेजला अंगठा दिला, एवढंच. वाईट वाटण्यासारखं त्यात काही नाही, पण मघापासून तेच डोक्यात आहे.

त्याने पाठवलेला फोटो तिथल्या श्लाख्टेनझे तळ्याच्या काठावरचा. गुडघाभर गवत, त्यात हा हाफ पँटमध्ये, पायात सँडल, शेजारी टॉवेल पसरलेला. आईला तळं दिसलं, मला गवत दिसलं. तिकडे उन्हाळाभर गवतात गोचीड असते. आपल्याकडे कुत्र्याच्या कानात सापडते तिच्याच कुळातली, पण पिल्लू असताना खसखशीएवढी, त्यामुळे चढलेली कळतसुद्धा नाही. म्हणून मी सविस्तर लिहिलं. खोलीवर गेलास की गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे बघ. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धर आणि सावकाश, सरळ ओढ. पोट दाबायचं नाही. तेल, नेलपॉलिश, पेटती काडी, काही लावायचं नाही, कारण त्याने ती जास्त लाळ सोडते आणि जंतू लाळेतूनच येतात. बोरेलिया, म्हणजे लाइम आजाराचे जंतू, अंगात उतरायला बहुधा बारा ते चोवीस तास जातात, तेव्हा त्याच रात्री निघाली तर बहुतेक वेळा निभावतं. पुढचे काही आठवडे त्या जागी लाल कडं पसरताना दिसलं तर मात्र थेट डॉक्टर.

त्यावर अंगठा.

एप्रिलमध्ये हाच मुलगा कुकरसाठी फोन करायचा. ‘ताई, बटण बंद केलं तरी शिट्ट्या होतायत!’ होणारच. तिथल्या काचेच्या विजेच्या शेगडीला गॅससारखा लगाम नसतो. बटण शून्यावर आणलं तरी खालची तबकडी बराच वेळ तापलेली राहते. म्हणून पहिली शिट्टी व्हायच्या आधीच आच निम्म्यावर आणायची आणि हव्या तेवढ्या शिट्ट्या झाल्या की कुकर उचलून बाजूच्या थंड तबकडीवर ठेवायचा. बूड सपाट हवं. वापरून फुगलेलं बूड काचेवर नीट टेकत नाही आणि भात मध्येच लागतो. इंडक्शन असेल तर आपला साधा ॲल्युमिनियमचा कुकर चालतच नाही, लोहचुंबक चिकटेल असं बूड लागतं. तूरडाळीसाठी भारतीय दुकान गाठावं लागतं, पण मसूरडाळ कुठल्याही सुपरमार्केटात मिळते आणि ती कुकरशिवाय वीस मिनिटांत शिजते. मोहरी तडतडायच्या आधी खिडकी उघडायची, नाहीतर खोलीतला धुराचा अलार्म अख्खा मजला जागा करतो. हे सगळं तेव्हा तासन् तास बोललो. आता वरणाचं नावसुद्धा निघत नाही.

खरं विचारण्यासारखं तर आत्ता आहे. हिंडायचे दिवस हेच. तिकिटाचंच घ्या. डॉइचलांड-टिकिट, म्हणजे जर्मनीभर चालणारा महिन्याचा पास, मे २०२३ मध्ये ४९ युरोंना निघालं, २०२५ मध्ये ५८ झालं, २०२६ मध्ये ६३. पुष्कळ विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना ते सेमिस्टरच्या पैशांतच, बरंच स्वस्त पडतं. त्यावर देशभर हिंडता येतं, पण रेल्वेत आरई, आरबी आणि एस-बान या स्थानिक गाड्यांनीच. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना ते चालत नाही, आणि चुकून बसलं की दंड. समुद्रावर जायचं तर रोस्टॉककडची आरई पकडायची, तीही शनिवारी सकाळी नऊ-दहाची नाही, ती आपल्या बदलापूर लोकलइतकी भरते. सायकल घेतली तर तिचं वेगळं तिकीट. रविवारी दुकानं बंद, म्हणून सामान शनिवारीच भरायचं. अडलंच तर मोठ्या स्टेशनातलं दुकान उघडं असतं. तळ्याचं पाणी वर कोमट आणि खाली एकदम गार असतं, पायात गोळा येतो, त्यामुळे तरणतलावात शिकलेल्याने पहिल्यांदा काठाकाठानेच पोहावं.

यातलं त्याने काही म्हणजे काही विचारलं नाही.

खोली तापते ते त्याने आईला सांगितलं, मला नाही. हे जास्त लागलं. आईने ठाण्याचा उपाय सांगितला, खिडक्या सताड उघड्या ठेव. इथे बरोबर आहे, इथे घाम वाळायला वारा लागतो आणि डोक्यावर पंखा असतो. तिथे पंखे नसतात, हवा कोरडी, भिंती जाड, आणि दुपारी उघडलेली खिडकी गरम हवाच आत घेते. दिवसभर खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि रात्री दहानंतर समोरासमोरचं सगळं उघडून टाकायचं, असं तिथलं गणित. मी लिहायला घेतलं होतं. पाठवलं नाही. पुन्हा अंगठाच आला असता.

मग फोटो मोठा करून पाहिला. टॉवेलच्या कडेला कापडी पिशवी, तिच्यात रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या, एकही चेपलेली नाही. तिथे रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की पंचवीस सेंट परत मिळतात, पण चपटी केली की मशीन बारकोड वाचत नाही आणि बाटली तशीच बाहेर ढकलतं. हे मी त्याला सांगितल्याचं अजिबात आठवत नाही. आणि फोटोच्या कडेला कोणाचा तरी हात आहे, कलिंगडाची फोड पुढे केलेला. म्हणजे त्याला सांगणारं कोणीतरी तिथे आहे, नाहीतर त्याचं त्यालाच समजलंय. आत्ता इथे रात्रीचे साडेबारा वाजलेत, म्हणजे तिथे नऊ, आणि जूनअखेरीस सूर्य साडेनऊपर्यंत असतो. अशा उजेडात तळ्यावर बसलेला एकविशीतला मुलगा बहिणीला गोचिडीवर निबंध लिहून पाठवणार नाही. मीही पाठवला नसता. जुलैच्या मध्याला लेक्चर संपतील, मग परीक्षा. राहिलेत ते दिवस त्याने तळ्यावरच काढावेत.

तरी वाटतं ते वाटतंच. थोडं कमी.

शेजारच्या काकू ऑगस्टमध्ये तिकडे चालल्यात, आईने आजच पिशवी भरायला घेतलीय. गोडा मसाला, मेतकूट, पापड, कोरडी चटणी, हे सगळं जाईल. पण युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, कस्टम्सवाले काढून घेतात. साजूक तुपाची बरणी तिने दोन पिशव्यांत गुंडाळून अगदी तळाशी ठेवलीय. सकाळी उठल्यावर आधी ती काढायला लावायला हवी, आणि पेढ्यांचंही आत्ताच सांगून ठेवायला हवं.