बरगंडीच्या द्राक्षमळ्यांतून: दिजाँ ते बोन, बसने एक दिवस

जूनच्या अखेरीस मी आणि माझी मैत्रीण पॅरिसच्या गार द लियों स्थानकावरून वेगवान रेल्वेने दीड-पावणेदोन तासांत दिजाँला पोहोचलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेथून निघणाऱ्या बससहलीने बरगंडी या फ्रान्समधल्या वाइनसाठी प्रसिद्ध प्रदेशाचे द्राक्षमळे पाहत बोनपर्यंत जाऊन आलो. मैत्रिणीचे माहेर निफाड तालुक्यातले, घरची द्राक्षबाग. त्यामुळे बाकीचे प्रवासी पेल्यांकडे पाहत असताना ती वेलीच्या बुंध्याकडे पाहत होती, आणि मला ही सहल जी काही समजली ती बरीचशी तिच्यामुळेच.

पहिली सूचना बसण्याच्या जागेविषयी. दिजाँहून बोनकडे, म्हणजे दक्षिणेकडे जाताना उजव्या बाजूच्या खिडक्या धराव्यात. सर्वांत नावाजलेले मळे रस्त्याच्या पश्चिमेच्या उतारावर आहेत. डावीकडच्या सपाट जमिनीतली वाइन साधी समजली जाते. उतारावरसुद्धा मधल्या पट्ट्याला सर्वाधिक मान, कारण तिथे चुनखडीच्या जमिनीत पाण्याचा निचरा चांगला होतो आणि सकाळचे ऊन सरळ मिळते. प्रादेशिक, गावाची, प्रमिए क्रू आणि ग्राँ क्रू अशा वाइनच्या प्रतीच्या चढत्या चार पायऱ्या या जमिनीवरूनच ठरलेल्या आहेत. इथे जमिनीच्या प्रत्येक नावाजलेल्या तुकड्याला ‘क्लिमा’ म्हणतात, आणि 2015 मध्ये या क्लिमांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

पहिल्या मळ्यात उतरताच मैत्रिणीने विचारले, “अगं, ठिबकच्या नळ्या कुठे आहेत?” त्या नव्हत्याच, कारण इथे सिंचनाला परवानगी नाही, वेलीने मुळे खोल नेऊन पाणी शोधावे अशी अपेक्षा असते. आपल्याकडचा डोक्याइतका उंच मांडवही दिसत नाही. जेमतेम कमरेपर्यंत वाढू दिलेल्या वेली हेक्टरी सुमारे 10,000, म्हणजे एकरी 4,000 इतक्या दाटीने लावलेल्या असतात आणि ओळी इतक्या जवळ असतात की ट्रॅक्टर ओळींच्या मधून न जाता उंच पायांवर वेलींच्या वरून चालतो. काही पानांवर निळसर डाग होते. ते पाहताच ती “बोर्डो!” असे इतक्या मोठ्याने म्हणाली की गाइडने मागे वळून पाहिले. मोरचूद आणि चुन्याचे हे मिश्रण 1880 च्या दशकात फ्रान्सच्या बोर्डो भागात वेलीवरच्या डाऊनी (केवडा) रोगावर उपाय म्हणून पुढे आले, आणि नाशिकचा बागायतदार आजही त्याच नावाने ते फवारतो. पुढे कलमांची गोष्ट निघाली. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्यानंतर युरोपीय वेलींची कलमे या किडीला तोंड देणाऱ्या अमेरिकन वेलीच्या खुंटावर, म्हणजे मुळांकडच्या भागावर, बांधण्याची रीत पडली. ‘आमच्याकडे डॉगरिज या अमेरिकन वेलीचा खुंट असतो’ हे मैत्रिणीने सांगितल्यावर गाइड आमच्याशी वेगळ्या आदराने बोलू लागली, हे नमूद केले पाहिजे.

क्लो द वूजो हा दगडी भिंतीने वेढलेला सुमारे 50 हेक्टरांचा मळा सीतो मठाच्या साधूंनी घडवला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तो मठाकडून गेला, पुढे विक्री आणि वाटण्या होत गेल्या, आणि आज त्यात ऐंशीच्या आसपास मालक आहेत. एखाद्याच्या वाट्याला मोजक्याच ओळी येतात. सातबाऱ्यावर नावे वाढत गेलेली जमीन ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. लेबलवर मळ्याचे नाव एकच असले तरी बाटल्यांची प्रत सारखी का नसते, हेही त्यावरून कळते. जवळच जगातल्या सर्वांत महागड्या वाइनपैकी एक असलेल्या रोमाने-काँतीचा जेमतेम साडेचार एकरांचा तुकडा आहे. तिथे रस्त्यावर उभे राहून पाहावे, आत पाऊल ठेवू नये.

सहल निवडताना वाइन चाखायला देणाऱ्या तळघरांची संख्या पाहू नये. आमच्या कार्यक्रमात तीन होती आणि तिसऱ्यापर्यंत जिभेला पिनो न्वार या द्राक्षाची तांबडी आणि शार्डोनेची पांढरी वाइन एवढाच फरक कळत होता. दोन पुरेत. त्यांतल्या एका ठिकाणी तरी प्रमिए क्रू चाखायला मिळणार का, हे आरक्षणापूर्वी लेखी विचारून घ्यावे. घोट चाखून त्यासाठीच ठेवलेल्या भांड्यात थुंकणे इथे असभ्य मानत नाहीत, आणि दिवसभर शुद्धीत राहायचे असेल तर दुसरा मार्ग नाही. तळघरात बाहेरच्या उन्हाळ्यातही गारवा असतो, म्हणून शाल जवळ ठेवावी.

जेवणाबाबत मात्र आम्ही फसलो. मैत्रीण शाकाहारी आहे, अंडे चालते, एवढे कळवले होते. त्यावर तिच्यासमोर तांबड्या वाइनच्या रश्श्यातली अंडी आली आणि रश्श्यात डुकराच्या मांसाचे तुकडे निघाले. या पदार्थाची पारंपरिक कृती तशीच आहे. ‘शाकाहारी’ हा एक शब्द पुरत नाही. मांस, डुकराची चरबी, मासे आणि मांसाचा अर्क नको, असे फ्रेंचमध्ये लिहून जवळ ठेवावे. तिने त्या दिवशी पाव, चीज आणि गूजेर नावाच्या चीजच्या फुगीर गोळ्यांवर निभावले.

बोनमध्ये दीड तास मोकळा मिळाला आणि तो कमी पडला. 1443 मध्ये बरगंडीच्या ड्यूकचा चॅन्सलर निकोला रोलँ याने गरिबांसाठी स्थापन केलेले ओतेल-द्यू हे रुग्णालय, त्याचे रंगीत कौलांचे नक्षीदार छप्पर, लाल पडद्यांच्या खाटांची रांग आणि चित्रकार रोगिअर व्हॅन देर वेडनचे ख्रिस्ती धर्मातल्या अंतिम न्यायाचे चित्र यांनाच तेवढा वेळ लागतो. या संस्थेला दान मिळालेल्या मळ्यांच्या वाइनचा लिलाव 1859 पासून होत आला असून तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी असतो. त्या दिवसांत खोल्या मिळणे कठीण. शक्य असल्यास परतीची बस सोडून बोनमध्ये मुक्काम करावा आणि सकाळी रेल्वेने दिजाँला परतावे; अंतर वीस-पंचवीस मिनिटांचे आहे.

भारतात परतताना माणशी दोन लिटर मद्य शुल्कमुक्त आणता येते, म्हणजे नेहमीच्या आकाराच्या दोन बाटल्या आणि वर थोडी जागा. बाटल्या तळघरातूनच वेष्टनात गुंडाळून घ्याव्यात आणि चेक-इनच्या सामानात मधोमध कपड्यांत ठेवाव्यात. आमच्या चारही शाबूत पोहोचल्या.