दोरीनं बांधलेल्या दोन एटहंड्रेड

सांगली-मिरज रोडला एका पंपाच्या कडेला माझं पीयूसी सेंटर आहे, म्हणजे गाड्यांचा धूर तपासून दाखला द्यायचं. जुनी व्हॅन, मशीन, लॅपटॉप आणि पत्र्याचं शेड, एवढाच पसारा. गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. इंजिनिअरिंगची दोन पोरं, एक मुलगा एक मुलगी, सकाळीच वही घेऊन आली. म्हणाली, सर आमचं प्रोजेक्ट आहे, जुन्या गाड्या खरंच रस्त्यावर किती उरल्यात ते मोजायचंय, त्यातल्या त्यात मारुती 800, आपली एटहंड्रेड. मी म्हटलं बसा, सावलीत बसा, चहा घ्या.

पोरांचा अभ्यास होता बरं का. 800 डिसेंबर 1983 ला आली, जानेवारी 2014 ला बंद झाली, देशात 26 लाखांच्या वर खपली, हे सगळं वहीत पहिल्याच पानावर. मग आता किती? तर म्हणे आरटीओच्या कॉम्प्युटरवरनं कळत नाही, कारण गाडी भंगारात घातली तरी ते सांगायला कोण जातंय तिथं. हे मात्र शंभर टक्के खरं. माझ्याकडं जुन्या गाड्या दर सहा महिन्यांनी येतात (बीएस म्हणजे धुराचे सरकारी नियम, आकडा जितका मोठा तितकी गाडी नवी; बीएस-4 आणि त्याच्या पुढच्यांना वर्षाची मुदत मिळते, जुन्यांना सहाच महिने), त्यामुळं कुठली यायची थांबली ते मला आपोआप कळतं. गाडी मरते कशानं, असं पोरानं विचारलं. मी म्हटलं बिलानं. इंजिन सहसा मरत नाही रे, 796 सीसीचं तेच इंजिन ओम्नीला पण होतं आणि ओम्नी 2019 पर्यंत बनत होती, पार्ट कुठल्याही दुकानात मिळतो. पण खालचा पत्रा सडला आणि गॅरेजवाल्यानं 30 हजार सांगितले, आणि भंगारवाला दारात येऊन 20 हजार रोख देतोय म्हटल्यावर माणूस काय करणार. देवूच्या मटिझवाल्यांचं उलटं झालं, गाडी धडधाकट पण कंपनीच गेली, पार्टच मिळेनात.

आणि आमच्या सांगलीत अजून एक कारण, 2019 चा महापूर. त्या ऑगस्टमध्ये गावभागात किती गाड्या पाण्यात गेल्या काय विचारू नका. नव्या गाड्यांना इन्शुरन्स मिळाला, जुन्यांना बहुतेकांचा नुसता थर्ड पार्टी असतो, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानाचा, त्यात पुराचा एक रुपया मिळत नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर ओळखीच्या कितीतरी गाड्या माझ्याकडं आल्याच नाहीत.

दुपारपर्यंत पोरांच्या वहीत सात एटहंड्रेड झाल्या. साडेबाराच्या सुमाराला मुलगी उठून उभी राहिली, म्हणाली सर ते बघा. बघतो तर एक पांढरी एटहंड्रेड दुसऱ्या पांढऱ्या एटहंड्रेडला नायलॉनच्या दोरीनं ओढत आणतीय. मागच्या गाडीत गावभागातले काका स्टेअरिंग धरून ताठ बसलेले, जणू स्वतःच चालवतायत. पुढच्या गाडीत त्यांचा तासगावचा पाहुणा, मागची सीट काढून द्राक्षाचे क्रेट भरलेले आणि मागच्या नंबर प्लेटचे शेवटचे दोन आकडे खरवडून गेलेले.

काकांची गाडी 1995 ची. रजिस्ट्रेशनची पहिली पंधरा वर्षं 2010 ला संपली, मग पाच-पाच वर्षांसाठी तीनदा रिन्यू, आता 2025 ला परत करायचं. ही गाडी पुरातनं वाचली कारण तेव्हा ती विश्रामबागला लेकीच्या दारात होती. पण दोन वर्षं झाली चालूच नाही. इन्शुरन्स चालू, नवी एचएसआरपी, म्हणजे ती सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट पण बसवलेली, उन्हात नुसती चकाकत होती. मी म्हटलं काका, वीस वर्षांच्या वरच्या गाडीला आता रिन्यूअलची फी 10 हजार केलीय, वर ग्रीन टॅक्स, आणि पासिंगला गाडी आरटीओत न्यावी लागणार, कशाला करताय हे? ते म्हणाले, "तू पीयूसी काढ." विषय संपला.

आणि पाहुण्याची गाडी? तिचं रजिस्ट्रेशन कधीच संपलंय. इन्शुरन्स नाही, पीयूसी तर मी आजवर काढलेली नाही. पण रोज तीस-चाळीस किलोमीटर पळते. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, उद्या कुणाला धडकली तर त्या माणसाच्या घरच्यांनी भरपाई कुणाकडं मागायची? तोंडावर बोललो पण मी त्यांना, ते नुसते हसले.

आता थंड इंजिनावर टेस्ट होत नाही, गाडी चालू पाहिजे. पंपावरची दोन पोरं, प्रोजेक्टवाला मुलगा आणि पाहुणा असे चौघं धक्का मारायला. बाटलीनं ताजं पेट्रोल घातलं, काकांनी चोक पूर्ण ओढला, सेकंड गिअर, तिसऱ्या धक्क्याला पकडली. सायलेन्सरमधनं आधी उंदराच्या घरट्याचा कापूस बाहेर आला आणि मग काळा धूर. गाडी अशी थरथरत होती की आरशातलं काही दिसेना. तीन सिलिंडरात एक जरी मिस झाला तरी कळतोच. नळी घातली, एचसी (धुरातलं न जळलेलं पेट्रोल) 2200 च्या वर. या जुन्या गाड्यांना 1500 पर्यंत चालतं, सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपर्यंत (बीएस-2 आणि बीएस-3 ला तोच 0.5 लागतो, म्हणजे जुनं असल्याचा एवढा तरी फायदा). पाहुण्यानं प्लग काढला, पॉलिश पेपरनं घासला, फुंकर मारली, परत लावला. परत धक्का. एचसी 900 वर आला पण आता सीओ 4.1. मग तो वाकला, कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव आटा फिरवला, कान लावून ऐकला, अजून थोडा. 2.6. स्वतःच्या गाडीला एक कागद नाही, पण ट्यूनिंग करावं तर त्यानं!

पीयूसीसाठी लागणारा ओटीपी काकांच्या लेकीच्या मोबाईलवर, तिला फोन करून मागवला. मग नंबर प्लेटचा फोटो. दोरी सोडा म्हणालो तर काका म्हणाले असू दे, गाडी बंद पडली तर परत कोण बांधणार. तसाच काढला फोटो.

हे सगळं होईपर्यंत पोरगी पेन तोंडात धरून उभी. म्हणाली, "सर, यातली जिवंत कुठली धरायची? एक कागदावर आहे पण चालत नाही, दुसरी चालतीय पण कागदावर नाही." मी म्हटलं दोन्ही धर. मुलगा म्हणाला एकही नाही धरता येणार, व्याख्येत बसत नाहीत. त्यावर दोघांचं तिथंच वाजलं. मी मध्ये पडलो नाही, मागं रिक्षांची लाईन लागलेली. एवढंच सांगितलं की शेवटची एटहंड्रेड 2014 ची, म्हणजे 2029 ला ती पण पंधरा वर्षांची होणार, तेव्हा हाच घोळ सगळ्यांचाच होईल, काय ठरवायचं ते आत्ताच ठरवा.

काकांच्या पीयूसीची मुदत एप्रिलमध्ये संपली. अजून आले नाहीत. फोन करावा असं दोनदा वाटलं, केला नाही. पाहुणा मात्र परवाच येऊन गेला, 300 चं पेट्रोल, मागं क्रेट, आणि मागच्या नंबरातला आता अजून एक आकडा गेलाय.