रास्कासच्या वळणावर

झोप येत नाहीये, आणि कारण असं की सांगितलं तर कुणीही हसेल. उकाडा आहेच, मे संपत आला तरी ढगांचा पत्ता नाही. पण उकाड्यात मी जन्मभर झोपत आलेय.

चिन्मयने जेवताना विचारलं, "आत्या, तुझा शूमाकर मोनॅकोला मुद्दाम थांबला होता ना?" फेरारीचा तो फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर, २००६ चं त्याचं ते जुनं चित्रण मोबाइलवर सापडलंय त्याला. मी म्हटलं, "पुढचं चाक लॉक झालं होतं त्याचं." म्हणजे ब्रेक दाबताच चाक फिरायचं थांबलं, गाडी वळेना. वीस वर्षांपूर्वी भाईला दिलेलं उत्तर, शब्दही तेच. चिन्मय "बरं" म्हणाला आणि वाटी पुढे करून सोलकढी मागितली.

वाद घातला असता तर मी त्याला पुरून उरले असते. तयारी आहे माझी. पण पंधरा वर्षांच्या पोराने मला सांभाळून घ्यावं? म्हाताऱ्या माणसाची जुनी गोष्ट ऐकताना करतात तसं तोंड करून? तेवढं एक "बरं" अजून घशात अडकलंय. कदाचित भाईनेच मुंबईहून पढवून पाठवलं असेल. त्याला असले उद्योग सुचतात.

त्या शनिवारी, २७ मे २००६ ला, वीज होती हाच मोठा चमत्कार. भारनियमनाचे दिवस. संध्याकाळी साडेपाचला क्वालिफाइंग सुरू, म्हणजे रविवारी कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणाऱ्या फेऱ्या, आणि टीव्ही, पंखा दोन्ही चालू. दादा पडवीत शेवटच्या आंब्याच्या पेट्यांना खिळे मारत होते. भाई शूमाकरचा प्रतिस्पर्धी अलोन्सो याचा, मी फेरारीची. मोनॅकोत गाडी पुढे काढायला जागाच नसते, दोन्हीकडे कठडे. शनिवारी जो पहिला, त्याची रविवारची निम्मी शर्यत तिथेच झाली. शूमाकर पहिला होता. पण मागून अलोन्सो त्याच्याहून वेगात येत होता. आणि अगदी शेवटच्या सेकंदांत, शेवटून दुसऱ्या वळणावर, रास्कासला, लाल गाडी वळायची ती सरळ गेली, कठड्याच्या जवळ जाऊन थांबली आणि बंद पडली. पिवळे झेंडे, म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा. मागच्यांच्या फेऱ्या गेल्या. कठड्याला साधा ओरखडा नाही, गाडीलाही नाही.

भाई एवढंच म्हणाला, "पार्किंग छान जमतं हो तुमच्या माणसाला." दादा खिळे मारता मारता हसले. दादांचं ते हसणं... जाऊ दे.

अधिकाऱ्यांनी रात्री उशिरापर्यंत सगळी माहिती तपासली. त्या जागी इतक्या जोरात ब्रेक दाबायला काहीही कारण नव्हतं, असा निष्कर्ष निघाला. त्याच्या वेळा रद्द झाल्या, रविवारी सगळ्यांच्या मागून सुटायचं. अलोन्सो पहिला. मी तरीही चाक लॉक झालं यावरच ठाम. पायाने किती दाब दिला ते गाडीने लिहून ठेवलं होतं. का दिला, ते लिहायची सोय गाडीत नाही. त्या फटीत मी इतकी वर्षं राहतेय.

खरं म्हणजे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रागही त्याचा नाही. राग याचा, की तो चाक लॉक झालं एवढं एक वाक्य बोलून गप्प झाला आणि ते वाक्य सांभाळायचं काम आमच्यासारख्यांवर आलं. भाईशी भांडले मी, कॉलेजात भांडले, ऑफिसातल्या एका शहाण्याशी तर महिनाभर बोलत नव्हते. बिनपगारी वकील. अशिलाने वकिलाला खरं सांगायचं असतं ना निदान?

बाकीचे बोलले. त्याच्या आधीच्या काळातल्या सेनाने १९९० ला जपानात सुझुकाच्या पहिल्याच वळणावर प्रतिस्पर्धी प्रॉस्टला घेऊन रेतीत उडी मारली, जगज्जेता झाला, आणि वर्षभराने पत्रकारांसमोर सगळं ओकून मोकळा. त्याच्या माणसांना निदान ठाऊक तरी झालं की आपण कशाची बाजू घेतोय. आणि चिन्मयचा तो आवडता ड्रायव्हर, मॅक्स व्हर्स्टापेन. गेल्या वर्षी बार्सिलोनाला टीमने सांगितलं, रसेलला जागा परत दे. याने वेग कमी केला, रसेल बाजूला आला, आणि मग याने पुन्हा वेग घेऊन गाडी त्याच्यावर घातली. दहा सेकंदांचा दंड, पाचव्याचा दहावा. दुसऱ्या दिवशी स्वतःच लिहून टाकलं की ते बरोबर नव्हतं, व्हायला नको होतं. संपलं. पाचव्याला दहा गुण, दहाव्याला एक, म्हणजे नऊ गुण त्या एका तिरमिरीत गेले. आणि वर्षाच्या शेवटी नॉरिस ४२३, मॅक्स ४२१, दोन गुणांनी जगज्जेतेपद गेलं. मी असते तर भिंतीवर डोकं आपटलं असतं. चिन्मय आंबा चोखत म्हणतो, "मूर्खपणा केला त्याने, काय करणार." असा हेवा वाटला मला त्या पोराचा. याला काही सांभाळायचंच नाहीये. सगळं कसं हलकं!

माझ्याच वाट्याला हा गप्प बसणारा का यावा, या विचारावर तासभर तरी गेला असेल. रडायचंच बाकी होतं. आणि आता विचारायचं तरी कुणाला? २०१३ च्या डिसेंबरात तो बर्फात पडला, डोक्याला मार लागला, तेव्हापासून लोकांसमोर आलेला नाही. घरच्यांनी इतक्या मायेने झाकून ठेवलाय त्याला. अशा माणसाकडून मी रास्कासचा हिशेब मागतेय, रात्री एक वाजता, देवगडात, पंख्याखाली पडून.

आईची झोप माझ्या कूस बदलण्याने मोडली. काय झालं विचारलंन. मी सांगितलं, खरंच सांगितलं. ती म्हणाली, "गाडी आडवी घातल्यान ना? तेका शिक्षा झाली ना? मगे तू कित्याक अजून खटलो चालवतंस?" आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा घोरायला लागली.

हसूच आलं. शिक्षा झाली होती हे मी नेहमी विसरते. नव्हे, विसरते कसली, त्याचीच तर मला गोडी आहे. तो रविवार! मोनॅकोत, जिथे एक गाडी मागे टाकणं कठीण, तिथे तो सगळ्यांच्या मागून सुटला आणि पाचवा आला. मी ओरडून घसा बसवून घेतला होता. पहिल्या नंबरावरून सुटून तो जिंकला असता तर एव्हाना ती शर्यत माझ्या लक्षातही नसती, त्याच्या अशा कितीतरी आहेत. म्हणजे शनिवारचं ते पाप मी वीस वर्षं नाकारतेय आणि त्याच पापाचं व्याज मजेत खातेय. वकील अशिलाला शोभणारीच निघाली.

परसाकडच्या गडग्याचं मात्र मी काही बोलणार नाही. गवंड्याने चुकून हातभर अलीकडे घेतला म्हणे. चिरे लावत होते तेव्हा भाई तिथेच उभा होता, छत्री डोक्यावर धरून. फोनवर मला म्हणाला, चुकून झालं गं. मी "बरं" म्हटलं.

आता लिहिताना लक्षात आलं, मी काय म्हटलं ते.

चिन्मय रविवारच्या कोकणकन्येने जाईल. एक पेटी त्याच्याबरोबर द्यायची आहे, हापूस संपतच आलाय, पण भाईला पायरी चालत नाही. मोनॅकोचं पुन्हा विचारलंन तर सांगेन, हो, मुद्दाम थांबला होता. हेरेझचंही सांगेन, १९९७ चं, जगज्जेतेपदाच्या शर्यतीत व्हिलनव्हच्या अंगावर गाडी घातली आणि स्वतःच रेतीत रुतला ते. वर्षभराच्या क्रमवारीतून नाव काढून टाकलं त्याचं. तिथे लपवण्यासारखं काही उरलंच नाही.

ॲडलेड अजून त्याच्या हाती लागलेलं दिसत नाही. लागेल, पोरं सगळं शोधतात. १९९४ ची वर्षातली शेवटची शर्यत, त्याची आणि हिलची गाडी आदळली, दोघंही बाहेर, आणि जगज्जेता तो. पण ती गोष्ट वेगळी आहे. एक तर तो हिलच्या फक्त एका गुणाने पुढे होता, डोक्यावर किती ओझं असेल. दुसरं, त्याची गाडी आधीच भिंतीला आपटून आली होती, ती त्याच्या ताब्यात किती होती कोण सांगणार? आणि हिलने तरी तिथे नाक घालायची घाई कशाला करायची? पुढच्या वळणापर्यंत थांबला असता तर आयती वाट मिळाली असती. अधिकाऱ्यांनीसुद्धा तेव्हा कुणालाच दोष दिला नव्हता, हे चिन्मयला आधी सांगायला हवं.