दिवे घाटातली गर्दी आणि परतीची वाट

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवलेली माउलींची पालखी पुण्यातला मुक्काम आटोपून सासवडकडे निघते, तेव्हा दिवे घाटाच्या कडा माणसांनी भरून गेलेल्या असतात. त्यांतले पुष्कळ जण सकाळी मोटारीने येऊन संध्याकाळी घरी परतणारे असतात, आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही त्यांच्यातलाच होतो. चढणीसाठी रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. तेवढे दृश्य कॅमेऱ्यात टिपून मी ‘वारी पाहिली’ असे बिनदिक्कत सांगत असे.

पुढे एका वर्षी लोणंदपासून नातेपुत्यापर्यंत एका दिंडीबरोबर चाललो आणि ते वाक्य परत तोंडी आणण्याचे धाडस झाले नाही. दिंडीत आधी भिशी भरावी लागते. त्या पैशांतून शिधा, स्वयंपाक, सामानाचा ट्रक आणि राहुट्या यांचा खर्च भागतो. पहाटे टँकरखाली आंघोळ उरकून आपल्या दिंडीच्या जागी उभे राहावे लागते, कारण रथापुढच्या आणि रथामागच्या प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो व तो मोडून चालत नाही. ही शिस्त एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिली. ते सातारा भागातल्या आरफळचे आणि शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. त्यामुळे सोहळ्याच्या रचनेत लष्करी तळाची छाया दिसते. चोपदार आहेत, तंबू आहेत, आणि माउलींचे अश्व आजही बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरदारांकडून येतात.

मला सर्वांत थक्क केले ते तळावरच्या समाजआरतीने. चोपदाराने दंड उंचावताच टाळ-मृदंग थांबतात आणि एवढा मोठा समुदाय गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते; मग चोपदार तिथे जाऊन गाऱ्हाणे ऐकतात. हरवल्या-सापडल्याची घोषणाही याच वेळी होते. ध्वनिक्षेपक आणि माहिती कक्ष यांच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली ही सोय पाहून, व्यवस्थापन शिकवणाऱ्यांनी एकदा तरी तळावर मुक्काम करावा, असे वाटून गेले.

आता सहल कंपन्या ‘एक दिवस वारी’ विकतात आणि पालखी मार्गही चौपदरी होत आहेत. एक दिवस येणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही, कारण मी तसाच सुरू झालो. माझा आक्षेप आहे तो वारकऱ्याला पर्यटकांच्या आकड्यात बसवण्याला. पर्यटक गावात येतो आणि पैसे देऊन सेवा घेतो. वारकऱ्याने आपल्या जेवणाचे पैसे दिंडीत भरलेले असतात, तरीही वाटेवरचे गाव त्याला बोलावून जेऊ घालते, आणि त्या पंगतीची पावती कुठेच फाडली जात नाही. चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते, तिथे छायाचित्रासाठी धावणाऱ्या अश्वाच्या वाटेत शिरणारे महाभाग मी पाहिले आहेत. पण त्यांना मागे ओढणारे हातही वारकऱ्यांचेच होते, आणि ओढताना त्यांनी ‘माउली, बाजूला व्हा’ एवढेच म्हटले.

आषाढी एकादशीनंतर कॅमेरे आणि बातमीदार पांगतात. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की तोच सोहळा परत फिरतो. जाताना सुमारे अठरा दिवस घेणारी वाट येताना दहा-बारा दिवसांत, लांबलांबचे टप्पे चालून संपवावी लागते, आणि सोबत फार थोडे वारकरी उरतात. गेल्या वर्षी नीरेजवळ ही परतीची वारी मला अवचित भेटली. घाटात हजारोंनी पाहिलेला तोच रथ भिजलेल्या रस्त्याने झपाझप चालला होता. एका घरापुढे पाण्याची घागर आणि पिठले-भाकरीची टोपली घेऊन दोन बायका उभ्या होत्या. पालखी दृष्टीआड गेल्यावर त्यांनी उरलेल्या भाकरींतली एक माझ्या हातावर ठेवली आणि मी कोणत्या दिंडीतला, असे विचारले.