तुम्ही विचारलंत म्हणून: कर्ज घरात सांगायलाच हवं का?

आम्ही आमचं कर्ज घरात सांगून फेडत आणलं, तेव्हापासून मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा: ‘ताई, कर्ज होतं ते ठीक आहे, पण घरात सगळ्यांना सांगायची काय गरज होती? गुपचूप फेडता आलं नसतं का?’ विचारणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः कुठेतरी अडकलेला असतो. बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारतो. त्याच्या बायकोला, तिच्या नवऱ्याला, कुणाच्या आईला अजून काही माहीत नसतं. म्हणून या वेळी तोंडी दोन वाक्यांत न उरकता नीट लिहिते आहे. माझं उत्तर ‘हो’ असं आहे. सांगायलाच हवं, आणि फेडायला लागण्याच्या आधी सांगायला हवं.

आमचं थोडक्यात. नवऱ्याचं भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात जॉबवर्कचं वर्कशॉप होतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये काम थांबलं, आधी केलेल्या कामांची बिलं अडकली, पण गाळ्याचं भाडं आणि कामगारांचे पगार थांबत नाहीत. मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची सवलत रिझर्व्ह बँकेने दिली होती. ती आम्ही घेतली, पण हप्ता थांबला तरी व्याज चालूच राहिलं. मग माझ्या पगारावर पर्सनल लोन झालं, दोन क्रेडिट कार्डं भरली, पाटल्या-बांगड्या सोनेतारणात गेल्या, त्याआधीचं पतसंस्थेचं कर्ज होतंच. गाळा सोडून मशीन विकल्यावरही २०२१ च्या दिवाळीला साडेअकरा लाख देणं उरलं होतं. आम्हा दोघांशिवाय हे कुणालाही माहीत नव्हतं.

आता, लपवण्याला पैसे कसे लागतात ते सांगते. मी हिशेबाच्या नोकरीत आहे, तरी हे माझ्यासमोर एका कागदावर यायला दिवाळी उजाडावी लागली.

क्रेडिट कार्डापासून सुरू करू. बिलावर दोन आकडे असतात, एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. किमान भरलं की फोन येत नाहीत, दंड लागत नाही, घरात शांतता राहते. पण एक लाखाची बाकी धरा आणि महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरा, कार्डांचा दर साधारण याच्या आसपास असतो. व्याज झालं ३,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६३०. किमान रक्कम पाच टक्क्यांनी ५,००० भरली, तर त्यातले ४,१३० असेच गेले आणि मुद्दल कमी झालं फक्त ८७० रुपयांनी. शिवाय बाकी पुढे ओढली की नवीन खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे त्या कार्डावर घेतलेल्या किराण्याला त्याच दिवसापासून व्याज लागतं. किमान रक्कम भरणं म्हणजे महिनाभराची शांतता विकत घेणं होतं, आणि ती वर्षाला बेचाळीस टक्क्यांनी मिळत होती.

दुसरं सोनं. हे बायकांना लगेच कळेल. पाटल्या मोडल्या असत्या तर हळदीकुंकवाला, लग्नाकार्यात हात मोकळे दिसले असते आणि जाऊबाईंनी पहिल्यांदा विचारलं असतं. गहाण ठेवल्या की ‘लॉकरमध्ये आहेत’ असं म्हणता येतं, आणि हे खोटंही नसतं, कारण त्या खरोखर लॉकरमध्येच असतात, फक्त दुसऱ्याच्या. त्या एका वाक्यासाठी आम्ही सोनेतारणाचं व्याज भरत होतो आणि बाजूला कार्डांचंही.

तिसरं राहणीमान. भाडं १५,००० चं, दाराशी गाडी, गाडीचा हप्ता. घर बदललं तर कारण सांगावं लागतं, गाडी विकली तर सांगावं लागतं. पुतणीच्या लग्नात आहेर कमी केला तर सांगावं लागतं. न सांगता काटकसर करायला गेलं तर हात घालता येतो तो फक्त कुणाला न दिसणाऱ्या खर्चाला: चहातलं दूध, रिक्षाऐवजी चालणं, डॉक्टरांकडे जाणं पुढे ढकलणं. दात कोरून पोट भरत नाही. आम्ही स्वतःला खूप त्रास करून घेत होतो आणि देणं जागचं हलत नव्हतं.

पण यापेक्षा मोठं कारण माझा दीर. पतसंस्थेच्या कर्जाला तो जामीनदार होता. आपल्याकडे जामीनदाराची सही म्हणजे नात्यातला मान राखणं समजतात. कायदा तसं समजत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. थकबाकी वाढली की पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला, म्हणजे पैसे वसूल करायचा अधिकृत आदेश, मिळवू शकते, आणि त्यावर कर्जदाराबरोबर जामीनदाराचंही नाव येतं. दीर स्वतः घरासाठी कर्ज काढायच्या तयारीत होता. त्याच्या डोक्यावर काय टांगलं आहे ते त्याला माहीत नसणं हे मला झोपू देत नव्हतं. ‘घरात सांगायची काय गरज’ असं विचारणाऱ्याला म्हणूनच मी उलट एकच विचारते: तुमच्या कागदावर आणखी कुणाची सही आहे का? असेल तर सांगायचं की नाही हा प्रश्न तुमच्या एकट्याचा उरलेला नाही.

सांगितलं ते भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सगळे घरात असताना. एक कागद केला होता. कुणाचं देणं, किती बाकी, व्याजदर काय, हप्ता किती, किती महिने उरले, कागदावर कुणाची सही. नवरा बोलला, मी आकडे वाचले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दीर चिडला, आणि त्याचं चिडणं योग्य होतं. ‘दादा, मला आधी सांगायचं होतंस,’ एवढंच म्हणून उठून गेला. पुढचे काही दिवस घरात जेवायला बसणंसुद्धा जड होतं. सांगितलं की लगेच हलकं वाटतं असं लोक म्हणतात. आम्हाला तसं वाटलं नाही. हलकं वाटायला वेळ लागला, पण गोष्टी सुटायला मात्र लगेच सुरुवात झाली.

पहिली सुटली ती वसुलीच्या फोनची भीती. फोनवर माणूस म्हणायचा, ‘घरच्यांना कळवू का? शेजारी येऊ का?’ नवऱ्याने पहिल्यांदा शांतपणे सांगितलं, ‘घरात सगळ्यांना माहीत आहे.’ त्यापुढे त्या माणसाकडे बोलायला फारसं काही राहिलं नाही. ज्यांना असे फोन येतात त्यांनी हे माहीत करून घ्यावं: वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करू नये, धमकावू नये, नातेवाईक-मित्रांना त्रास देऊ नये किंवा चारचौघांत अपमान करू नये, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट बजावलेलं आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, पोच ठेवायची. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं, त्याला फी नाही. पण ही तक्रार तोच करू शकतो ज्याला घरात कळण्याची भीती उरलेली नाही.

दुसरं सुटलं ते सोनं. तारण सोडवायला आधी रोख भरावी लागते, ती आमच्याकडे नव्हती. रागावलेल्या दिरानेच ती भरली. त्याच दिवशी सोनं सोडवून सराफाकडे मोडलं, दिराचे पैसे परत केले आणि उरलेल्या रकमेत दोन्ही कार्डं शून्यावर आणून बंद केली. घट वजा गेली, घडणावळीचे पैसे तर बुडतातच. मंगळसूत्र ठेवलं. पाटल्या माझ्या आईच्या होत्या, त्या दिवशी मी रडले, हे लिहायला मला संकोच नाही.

हल्ली सोन्याचा भाव बघून लोक हळहळतात, ‘थांबला असतात तर!’ म्हणून याचाही हिशेब मांडते. २०२१ च्या शेवटी १० ग्रॅमचा भाव ४८,००० च्या आसपास होता, २०२५ मध्ये तो लाखाच्या वर गेला. म्हणजे चार वर्षांत दुपटीहून जास्त. तेवढ्याच काळात महिन्याला साडेतीन टक्क्यांची एक लाखाची बाकी न भरता चढत गेली असती तर पाच लाखांच्या पुढे गेली असती, जीएसटी आणि दंड वेगळाच. सोनं एवढं वाढूनही त्या चार वर्षांत कार्डाच्या व्याजाला त्याने गाठलं नाही. पाटल्या गेल्याचं दुःख आहे. निर्णयाबद्दल मात्र मला शंका नाही.

मग घर. आम्ही चिंचवडहून वडगावला आलो. मावळातलं वडगाव, पुणे-लोणावळा लोकलच्या रांगेतलं. भाडं निम्म्यावर आलं. गाडी विकून तिचं कर्ज मिटवलं, दोघांनी लोकलचे पास काढले. नवऱ्याने चाकणला सुपरवायझरची नोकरी धरली. ज्या माणसाच्या हाताखाली कामगार होते त्याने दुसऱ्याच्या शॉपमध्ये सकाळी सातची पाळी धरणं ही काटकसर कुठल्याही वहीत दिसत नाही, पण आमच्या घरातली सगळ्यांत मोठी ती होती. मला त्याचा अभिमान आहे.

भाडं, गाडी आणि कार्ड या तीन ठिकाणी मिळून जे सुटलं, त्याच्यासमोर किराण्यातली बचत नगण्य होती. म्हणून भाजी किती वाजता स्वस्त होते आणि डाळ कुठून घ्यावी, हे मी सांगत बसत नाही. ते प्रत्येक गृहिणीला येतं. उलट मी म्हणेन, जेवणात काटू नका. आमच्याकडे ज्वारीची भाकरी, उसळी, ताक, हंगामातली भाजी असं चालत होतं आणि पोरांना फळ रोज होतं. बाहेरून मागवणं थांबलं, हॉटेल थांबलं. आरोग्य विमा मात्र एकदाही चुकवला नाही. हप्ते भरत असताना एखादं आजारपण आलं तर माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर जातो, हे आम्ही आमच्याच ओळखीत पाहिलं आहे.

सणांचं काय, असंही विचारतात. फराळ घरी केला, शेजारच्या दोघी आणि मी मिळून. गणपती दीड दिवसाचाच होता, तो तसाच राहिला. लग्नांसाठी आहेराची एकच रक्कम ठरवली, जवळचं असो की लांबचं. नातेवाइकांना कारण माहीत असल्यामुळे कुणी वेडंवाकडं बोललं नाही. एक मावससासूबाई बोलल्या, तर त्यांना सासूबाईंनीच उत्तर दिलं: ‘त्यांचं ते फेडतायत, कुणाकडे मागायला येत नाहीत.’ इतके दिवस गप्प राहिलेल्या बाईंच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

सांगायचं म्हणजे गावभर सांगायचं असंही नाही. ज्याची सही आहे, ज्याचा पैसा आहे, ज्याचं रोजचं जगणं बदलणार आहे, त्याला सांगायचं. आमच्या यादीत सासूबाई, दीर-जाऊ, माझे आईवडील आणि दोन्ही मुलं होती. ऑफिसमध्ये सांगितलं नाही, मुलांच्या शाळेत फक्त फी दोन भागांत भरण्यापुरतं बोललो. मुलांबद्दल लोकांचा फार आक्षेप असतो, ‘त्यांच्या कोवळ्या मनावर ओझं कशाला?’ आमची मोठी तेव्हा आठवीत होती. गाडी गेली, घर गेलं, आईच्या हातातल्या बांगड्या गेल्या, हे तिला दिसतच होतं. कारण कळेपर्यंत तिला वाटत होतं की आईबाबा वेगळे होणार आहेत. हे तिनेच नंतर सांगितलं. मुलांपासून कर्ज लपत नाही, फक्त त्याचं नाव लपतं.

आणखी एक, कारण यात लोक फसतात. थकलेल्या कर्जावर ‘सेटलमेंट’चे फोन येतात, अमुक टक्के सूट, आजच भरा. तेवढे भरून सुटका होते, पण सिबिलच्या, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात ते खातं ‘क्लोज्ड’ ऐवजी ‘सेटल्ड’ दिसतं, आणि पुढे कर्ज मागताना ते आडवं येतं. आम्ही पर्सनल लोन पूर्ण भरलं, कारण आम्हाला भरता येत होतं. ज्याला खरंच शक्य नाही त्याने सेटलमेंट करावं, त्यात लाज नाही. फक्त पत्र हातात आल्याशिवाय रुपया भरू नये, आणि भरल्यावर ‘बाकी नाही’चा दाखला घेतल्याशिवाय सोडू नये. क्रेडिट अहवाल देणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढून आपली सगळी खाती बंद दिसतात का ते बघावं. बऱ्याच जणांचं फेडलेलं कर्जही चालू दिसत असतं.

पतसंस्थेचं कर्ज आम्ही व्याजदर कमी असूनही पर्सनल लोनच्या आधी संपवलं. हिशेबाच्या नियमाने जास्त व्याजाचं आधी फेडायचं असतं आणि कार्डांच्या बाबतीत तो नियम आम्ही पाळला. पण पतसंस्थेच्या कागदावर दिराची सही होती. त्याची जामिनकी सुटल्याचा दाखला नवऱ्याने स्वतः नेऊन त्याच्या हातात दिला. पुढच्याच वर्षी त्याचं गृहकर्ज मंजूर झालं. पर्सनल लोनचे शेवटचे काही हप्ते अजून आहेत. ते संपल्यावर वडगाव सोडणार का, असं विचारतात. नाही. मुलीचं कॉलेज लोकलच्या वाटेवर आहे, सासूबाईंना इथलं अंगण आवडलं आहे, आणि वाचणाऱ्या भाड्यातून नवरा पुन्हा एक जुनी लेथ मशीन बघतो आहे, या वेळी रोखीने.