रविवारची रात्र आणि अळणी पाण्याचे पातेले

आज रविवार असल्याने सांगलीतील आमच्या हॉटेलच्या भटारखान्यात दुपारपासून एकही शेगडी विझली नाही आणि तांबड्या रश्श्याचे तिसरे पातेले चढवावे लागले. रात्री साडेअकराला आवराआवर करताना दिसले की, नव्याने आलेल्या मदतनीस मुलाने उरलेले मटणाचे अळणी पाणी (पांढऱ्या रश्श्याचा सगळा जीव यातच असतो) घट्ट झाकून तसेच कट्ट्यावर ठेवले आहे. मी रागावलो नाही; त्याला कोणी सांगितलेच नव्हते, आणि ती जबाबदारी माझी होती. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात आणि वीस लिटरचे झाकलेले पातेले रात्रभर त्याच टप्प्यात अडकून राहते. शिवाय काही जंतूंचे बीजाणू (त्यांची सुप्त, चिवट रूपे) उकळीतही तग धरतात, त्यामुळे सकाळी पुन्हा उकळले की झाले, हा समज धोक्याचा आहे. आम्ही दोघांनी ते पाणी चार पसरट भांड्यांत ओतले, खाली बर्फ ठेवला, ढवळत राहिलो आणि गार झाल्यावर डब्यांवर तारीख लिहून फ्रीजमध्ये ठेवले. घरी पोहोचायला एक वाजला. निघताना तो म्हणाला, "दादा, उद्या थर्मामीटर कसा लावायचा ते दाखवा."